टीव्हीला जोडायचा गेमिंग पीसी : बेळगावातल्या वडगावच्या घरातल्या कामाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

पुतण्याची एसएसएलसी (दहावी) एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपेल. परीक्षा झाली की घरात गेमिंगचा पीसी करू, असा शब्द मी त्याला दिवाळीत दिला होता. फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापूरला जाऊन चौकशी करणार होतो, तर नेमक्या तेव्हाच कर्नाटक-महाराष्ट्र दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद झाल्या. म्हणून सुरुवात आज.

मॉनिटर घ्यायचा नाही. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, त्यालाच जोडायचा. दहा-बारा हजार वाचतात हे एक. दुसरं म्हणजे पोरगा खोलीचं दार लावून एकटा बसणार नाही, चारचौघांसमोर खेळेल. ही वहिनीची अट आहे आणि मला ती पटते.

मी उद्यमबागेत व्हीएमसी मशीनवर (धातूचे पार्ट अचूक मापाने कापणारं मशीन) आहे. पीसी जुळवायचं काम याआधी एकदाच केलंय, तेही दहा वर्षांपूर्वी आणि साध्या ऑफिसच्या मशीनचं. बजेट ५५ हजार. घराबद्दल एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार: मागच्या खोलीत दादाचे चार माग आहेत. सोपा आणि मागाची खोली यांच्यात एकच भिंत. माग चालू असले की फरशीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरतं.

आज एकही पार्ट बघितला नाही, फक्त टीव्ही बघितला. मागे तीन एचडीएमआय पोर्ट. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घेतलं: पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. म्हणजे फोर-के ६० हर्ट्झपुढे काही दाखवणारच नाही आणि त्याला एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट पुरते. १२० हर्ट्झसाठी २.१ वाल्या ग्राफिक्स कार्डाचे जास्तीचे पैसे मोजायची गरज उरली नाही.

ज्यांचा टीव्ही १२० हर्ट्झचा आहे आणि जे विंडोजऐवजी लिनक्स टाकणार आहेत, त्यांनी कार्ड घेण्याआधी हे वाचावं. एएमडी या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एचडीएमआय २.१ घालायला, हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नकार दिला, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये एएमडीच्याच माणसाने सांगितलं. कार्डावर २.१ चं पोर्ट असतं, पण २०२५ मध्ये हे लिहिताना लिनक्सवर ते पूर्ण ताकदीने चालत नव्हतं. माझा टीव्ही ६० चा असल्यामुळे मला ही अडचण नाही.

१९ मार्च

ग्राफिक्स कार्डाचा हिशोब. पुतण्याचं म्हणणं, टीव्ही फोर-के आहे तर गेमपण फोर-केमध्येच पाहिजे. त्याला वहीत आकडे मांडून दाखवले. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. चौपट काम. ते पेलणारं कार्ड आपल्या सगळ्या बजेटएवढ्या किमतीचं.

मग टेप घेऊन मोजलं. दिवाण ते टीव्ही साडेआठ फूट, म्हणजे २.६ मीटर. पडद्याची रुंदी ९५ सेंटिमीटर. फुल एचडीचा एक ठिपका या पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. चांगल्या डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक कळतो, आणि २.६ मीटरवर तो भाग होतो पाऊण मिलिमीटर. म्हणजे दिवाणावर बसून अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके सुटे दिसणारच नाहीत. गेम फुल एचडीत चालवायचा आणि पडद्यावर मोठा करायचा. हे ठरल्याबरोबर कार्डाचा खर्च निम्म्यावर आला.

बेळगावातल्या एका दुकानात आरएक्स ६५०० एक्सटी घ्या म्हणून फार आग्रह झाला. स्वस्त पडतं खरं. पण त्यात मेमरी चारच जीबी आणि ते मदरबोर्डाशी चारच लेननी (माहिती जायच्या वाटांनी) बोलतं. मी जुना पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा मदरबोर्ड घेणार आहे, त्यावर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि चार जीबी भरली की गेम अडखळतो. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि आठ जीबी. वीज १३२ वॅट, एकच आठ पिनी जोडणी. हेच घ्यायचं ठरलं.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर, ६५ वॅट, पंखा पेटीतच मिळतो. ५६००जी (त्यात ग्राफिक्स आतच असतं) घेऊन कार्डाशिवाय भागवता येईल का, हाही विचार केला. क्रिकेट-फुटबॉलपुरतं चाललं असतं, पण वर्षभरात कार्ड घ्यावंच लागलं असतं.

हार्ड डिस्क अजिबात नको. मागाच्या हादऱ्यात फिरती तबकडी ठेवणं मला बरोबर वाटत नाही. एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, त्यात फिरतं काही नसतं.

२३ मार्च, रविवार

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) निवडायच्या आधी टीव्हीच्या स्विचबोर्डावर मल्टिमीटर लावून दिवसभर आकडे टिपले. माग बंद असताना २३८ व्होल्ट. चारही माग चालू झाले की २१० च्या आसपास. दादा एकदम दोन मोटारी चालू करतो तेव्हा क्षणभर १९४.

या आकड्याने निवड बदलली. कॅबिनेटबरोबर मिळणारे आणि स्वस्तातले बरेच एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टचेच असतात, तसं त्यांच्या लेबलवर छापलेलं असतं. आमच्या घरात माग सुरू होताना त्यावर पीसी रिस्टार्ट व्हायची भीती. १०० ते २४० व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेलाच हवा. ५५० वॅट, ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवायचा एक दर्जा), ४,६०० रुपये. दुकानदार म्हणाला, एवढा कशाला, १,४०० चा देतो की. नको म्हटलं. कार्डात वीस हजार घालून त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात तीन हजार वाचवणं मला जमणार नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारून, श्रीखंड-पुरी खाऊन कोल्हापूरची बस धरली. एका कॉलेजच्या पोराकडून जुना बी४५० मदरबोर्ड ३,८०० ला घेतला. नवा बी५५० नऊ हजारांच्या घरात जात होता. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर ‘चालणारे प्रोसेसर’ अशी यादी असते. त्यात ५६०० चं नाव होतं, ते बघूनच पैसे दिले.

कार्ड २०,४००. प्रोसेसर १०,२००. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, ३,२००. एसएसडी ५,३००. कार्ड आणि प्रोसेसर जीएसटीच्या पक्क्या बिलावरच घेतले. बिल नसेल तर वॉरंटीसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं?

कॅबिनेट बेळगावातच घेतलं, ३,४०० रुपये. टीव्हीखालच्या शोकेसचा कप्पा मोजला होता: रुंदी ४६, खोली ४२, उंची ४० सेंटिमीटर. कॅबिनेट ३७ खोल आणि ३८ उंच. बसतंय म्हणून घेतलं.

६ एप्रिल, रामनवमी

परीक्षा संपली. सकाळी नऊला जेवणाच्या टेबलावर जुळवणी सुरू केली. पुतण्या स्क्रू देत होता. मधेच आई विचारून गेली, “काय करूलालास रे? टीव्ही उघडूलालास काय?” टीव्ही नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

प्रोसेसर, पंखा, रॅम, एसएसडी: दीड तास. केबल नीट बांधायला एक तास. कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, डिस्प्ले नाही.

रॅमची एकेक पट्टी काढून बघितली. कार्ड काढून परत बसवलं. पुतण्याने एचडीएमआय मदरबोर्डाच्या पोर्टात लावून बघितली, पण ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथून चित्र येणं शक्यच नाही. बोर्डाचा सेल काढून पाच मिनिटांनी परत घातला. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. पोरगं काही बोललं नाही, पण जेवलं कमी.

९ एप्रिल

दोन रात्री गेल्या. आज कंपनीची ती यादी परत उघडली आणि चूक दिसली. प्रोसेसरच्या नावापुढे आणखी एक रकाना आहे: कुठल्या बायोसपासून. बायोस म्हणजे पीसी चालू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम. बी४५० हे २०१८ चं चिपसेट, ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. बोर्डावरच्या चिपला चिकटवलेल्या कागदावर बायोसचा जुना आकडा आहे. त्या बायोसला हा प्रोसेसर ओळखीचाच नाही. मी नाव वाचलं आणि शेजारचा रकाना वाचला नाही.

काही बोर्डांना प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण असतं. माझ्या बोर्डाला नाही.

१० एप्रिल

बेळगावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जुना रायझन ३ २२००जी होता. तो बसवून, यूपीएसवर ठेवून त्याने बायोस बदलून दिला. वीस मिनिटांचं काम, ५०० रुपये. बायोस लिहिताना वीज गेली तर बोर्ड जागीच मरू शकतो, त्यामुळे वडगावात घरी हे करायचं धाडस मी केलंच नसतं. घरी येऊन माझा प्रोसेसर परत बसवला. थर्मल पेस्ट नवी लावावी लागते, तिची पुडी त्यानेच दिली.

जुना बोर्ड घेताना विकणाऱ्याला बायोसचा आकडा विचारा आणि स्क्रीनचा फोटो मागा.

१३ एप्रिल, रविवार

आजची नोंद या कामात सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅबिनेट सोप्यात आणलं, टीव्हीच्या स्विचबोर्डाला जोडलं, चालू केलं. पुतण्या अनवाणी होता. कॅबिनेटचा पत्रा धरून म्हणाला, “काका, करंट मारूलालंय.” मी म्हटलं, अंगावर साठलेली वीज असेल, सोड. हे मी बोलायला नको होतं. पीसी चालू, टीव्ही चालू, आणि मी एचडीएमआयची केबल टीव्हीच्या तिसऱ्या पोर्टात लावायला गेलो. टोकाशी बारीक ठिणगी दिसली. त्यानंतर तिसरं पोर्ट गेलं ते गेलंच. पीसी बंद करून दुसऱ्या पोर्टात लावली, तिथे चित्र आलं.

मग मीटर काढला. कॅबिनेटचा पत्रा आणि मोरीतला लोखंडी नळ यांच्यात १०८ व्होल्ट. सॉकेटला तिसरं भोक आहे, पण त्याच्या मागे वायरच नाही.

कारण असं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. आर्थिंग असलं की तिथली बारीकशी गळती जमिनीत जाते. आर्थिंग नसलं की पत्रा दोघांच्या मधोमध, २३० च्या निम्म्यावर उभा राहतो. करंट फार थोडा, अंगाला झिणझिण्या येण्यापुरता. पण टीव्हीला दोन पिनी प्लग, आणि त्याच्या पाठीत केबलवाल्याची वायर गल्लीतल्या खांबावरून आलेली. पीसीचा पत्रा आणि टीव्हीचा पत्रा वेगवेगळ्या व्होल्टेजवर, आणि दोघांची पहिली गाठ पडली ती एचडीएमआयच्या नाजूक पिनांवर.

२३ मार्चला मीटर माझ्या हातात होता. फेज-न्यूट्रल दिवसभर मोजलं, आर्थिंगच्या भोकात पिन एकदाही घातली नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फेज ते आर्थ २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल ते आर्थ दोन-चार व्होल्टच्या आत यायला पाहिजे. जुन्या घरात पीसी जोडणाऱ्याने कार्डाची किंमत विचारण्याआधी हे दोन आकडे बघावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टीव्हीचं पोर्ट गेलं हे थोडक्यात निभावलं. पोरगा ओल्या पायांनी उभा असता तर, हा विचार रात्री बराच वेळ डोक्यात होता.

आर्थिंग होईपर्यंत पीसीला वीज लावायची नाही, असं घरात सगळ्यांना सांगितलं.

२० एप्रिल, रविवार

वायरमन आज मोकळा झाला. सॉकेट उघडून म्हणाला, “आर्थिंगच नाही की ओ इथं. माग जोडताना मागच्या मीटरला केलंय, पुढं कुणी आणलंच नाही.” मागांना होतं, माणसांच्या बाजूला नव्हतं.

परड्यात खड्डा काढला, जीआय पाइप, मीठ आणि कोळशाचे थर. तिथून हिरवी तांब्याची वायर थेट टीव्हीच्या स्विचबोर्डापर्यंत आणि स्वयंपाकघरातही. खणायला दोन माणसं, सगळं मिळून ४,८०० रुपये. दादाने निम्मे देऊ केले, पण हा खर्च मी पीसीच्या हिशोबातच धरला, कारण पीसीमुळेच तो बाहेर आला. उन्हाळ्यात माती वाळते, तेव्हा खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलंय. आईने तुळशीच्या पाण्याबरोबर ते काम स्वतःकडे घेतलं.

संध्याकाळचे आकडे: फेज ते आर्थ २३५, न्यूट्रल ते आर्थ १.२, माग चालू असताना ३. कॅबिनेट ते नळ शून्याच्या जवळ. एचडीएमआय लावताना दोन्हीकडचे प्लग काढायचे, हा नियम मात्र आता कायमचा.

गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवायची राहिलीय. दादाला सांगितलंय.

२१ ते २५ एप्रिल

चित्राची आठवडाभराची कामं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून बॅझाइट टाकली. ती फेडोरा लिनक्सवर बांधलेली आहे, फुकट आहे, चालू केली की सरळ कंट्रोलरने चालणारा पडदा येतो. एएमडीचं कार्ड घेण्यामागे हेही एक कारण होतं. एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर ही कंट्रोलरवाली व्यवस्था तेव्हा तितकी सरळ चालत नव्हती. तोटा सांगायचा तर फसवणूक रोखायच्या सॉफ्टवेअरमुळे काही ऑनलाइन गेम लिनक्सवर चालतच नाहीत. व्हॅलोरंट हा त्यातला एक आणि पुतण्याला तोच हवा होता. त्याची नाराजी खरी आहे. विंडोजच्या लायसन्सचे पैसे पुढच्या वर्षी बघू असं ठरलं.

पहिली अडचण: दर पाच-सात मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा. मधेच पांढरे ठिपके चमकायचे. कार्डावर शंका आली. पण फुल एचडीवर ठेवलं की तासभर काही होत नव्हतं, फोर-के ६० केलं की सुरू. म्हणजे केबल. ३५० रुपयांची पाच मीटरची घेतली होती. तिच्या जागी ‘प्रीमियम हाय स्पीड’चा क्यूआर कोड असलेली दोन मीटरची ९०० ला आणली. तेव्हापासून एकदाही काळा नाही. केबल जितकी आखूड तितकी बरी, म्हणून पीसी टीव्हीखालीच ठेवायचा.

दुसरी: नवी केबल लावूनही यादीत फोर-के ३० हर्ट्झच दिसत होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टाला डीप कलरचं वेगळं बटण आहे आणि ते मुळात बंद असतं. दुसऱ्या पोर्टाचं चालू केल्यावर ६० आलं.

तिसरी: काळ्यावरची लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसत होती आणि पडद्याच्या चारही कडा थोड्या कापल्या जात होत्या. इनपुटच्या नावांत ‘पीसी’ निवडल्याबरोबर अक्षरं स्वच्छ झाली. नाव बदललं की टीव्ही रंगाची माहिती पूर्ण वाचतो, हे मला माहीत नव्हतं, यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. कडांसाठी चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’वर. शार्पनेस शून्यावर. काळा रंग राखाडी दिसत होता, तो एचडीएमआय ब्लॅक लेव्हल बदलल्यावर जागेवर आला.

शेवटी गेम मोड. याचा फरक खरंच मोजता येतो का ते बघायला मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण केलं, बटण दाबणारा अंगठा आणि पडदा एका चौकटीत धरून. आधी बटण ते हालचाल ३१ फ्रेम, म्हणजे जवळपास १३० मिलिसेकंद. गेम मोडनंतर १५ फ्रेम, साधारण ६२. क्रिकेटच्या गेममध्ये पुतण्याचे फटके उशिरा लागत होते, ते या एका बटणाने वेळेवर लागायला लागले.

गेम फुल एचडीत ठेवून सिस्टिमचं एफएसआर फिल्टर (चित्र मोठं करून धारदार दाखवणारं) लावलं. दिवाणावरून आई सोडून सगळ्यांना विचारलं, कुणालाही फोर-के आणि हे यातला फरक सांगता आला नाही.

रॅमबद्दलही इथेच लिहितो: बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग लावायची सोय) चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती. रायझनला रॅमचा वेग लागतो.

२७ एप्रिल, रविवार

पीसी शोकेसच्या कप्प्यात ठेवायचा दिवस, आणि मापाची चूक. कॅबिनेट ३७, कप्पा ४२, उरले पाच सेंटिमीटर. मागे विजेचा प्लग आणि एचडीएमआयचं वळण यांना किमान सात लागतात. व्हीएमसीवर काम करून मी कॅबिनेटचं माप घेतलं आणि केबलचं घेतलं नाही.

कसंबसं तिरकं बसवून काचेचं दार लावलं आणि फुटबॉलचा गेम चालवला. चाळीस मिनिटांनी कार्ड ८४ अंश, त्यावरचा सगळ्यांत गरम बिंदू १०१, प्रोसेसर ८८. पंख्यांचा आवाज सोप्याबाहेर ऐकू येत होता. दार उघडलं तर कार्ड ७७ वर आलं. कप्पा म्हणजे बंद पेटी. तीच गरम हवा आत फिरत राहते.

शोकेसची पाठ जिगसॉने कापली, ३० बाय २५ सेंटिमीटर. पाठ आणि भिंत यांच्यात चार इंच जागा ठेवली. दोन्ही अडचणी या एका भोकाने सुटल्या. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले, ६५० ला एक. काचेचं दार काढून माळ्यावर ठेवलं. त्याच गेमला आता कार्ड ६९, गरम बिंदू ८३, प्रोसेसर ७४. रात्री माग बंद असतानाही पंख्याचा आवाज कानाला लागत नाही. सोप्यातल्या पीसीला हे महत्त्वाचं, कारण शेजारी कुणीतरी झोपलेलं असतं.

पुतण्या आज मदतीला नव्हता. शिवजयंती दोन दिवसांवर आली, गल्लीच्या मंडळाच्या चित्ररथाची तालीम चालू आहे.

४ मे, रविवार

कंट्रोलर, २,६०० रुपये. बोर्डाला ब्लूटूथ नाही, म्हणून ४५० चा नखाएवढा डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात लावला होता. दिवाणावरून खेळताना कंट्रोलर सुटायचा, खेळाडू एकाच दिशेला धावत राहायचा. पुढे चार फुटांवर बसलं की ठीक. वेगळा कंट्रोलर आणायची तयारी झाली होती.

कारण निघालं ते पोर्टच. चालू यूएसबी ३.० च्या आसपास २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच कागदावर मांडलंय, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. शेजारच्या पोर्टात एक्स्टर्नल एसएसडी लावलेला होता, वर पत्र्याची भिंत. १५० रुपयांची एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन काळ्या २.० पोर्टातून काढून डोंगल शोकेसच्या वर, टीव्हीच्या कडेला चिकटवला. दोन तास खेळलो, एकदाही सुटला नाही.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालू होत नाही. ग्राफिक्स कार्डांना ती सोय नसते. टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड १,१०० ला घेतला.

१८ मे, रविवार

या आठवड्यात वळिवाचे तीन पाऊस. ढग गडगडायला लागले की आई स्वतः उठून दोन्ही प्लग आणि केबलवाल्याची वायर काढते. स्पाइक बस्टर लावलाय, पण जवळ वीज पडली तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

शेजाऱ्यांचा ६०० व्हीएचा यूपीएस लावून बघितला. प्लगात लावायच्या मीटरवर गेम चालू असताना पीसी २३८ वॅट, टीव्ही ९२, मिळून ३३०. यूपीएसची ताकद ३६० वॅट लिहिलेली. आकडा ताकदीच्या आत असूनही, वीज घालवून बघितली तर दोन सेकंदांत टक् करून सगळंच बंद. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे (त्याची वीज लाइनीच्या विजेसारखी गुळगुळीत लहरीची नसते), त्यावर पीसी लावायचा नाही असं ठरवलंय. सध्या वीज गेली की खेळ बंद. गुरुवारी सिस्टिमचं अपडेट चालू असतानाच वीज गेली. बॅझाइट नवी प्रत बाजूला तयार करते आणि रिस्टार्टनंतर वापरते, त्यामुळे जुनी जशीच्या तशी उघडली. त्या अर्ध्या तासात मी फार घाबरलो होतो.

१ जून, रविवार

पाच आठवड्यांनी कॅबिनेट उघडलं. पुढच्या जाळीवर धाग्याची बारीक लव बोटाच्या पेराएवढी साठलेली, पांढरी गादीच. कार्ड परत ७६ वर गेलं होतं. ब्लोअरने मागच्या परड्यात नेऊन साफ केलं, पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती उलटी गरगर फिरून बिघडतात. साफ केल्यावर ७०. मागाच्या घरात महिना फार झाला, आता दर दुसऱ्या रविवारी जाळी काढायची. दादाच्या मागाची साफसफाई त्याच दिवशी असते, पुतण्या दोन्ही करेल.

हिशोब. आतले पार्ट आणि कॅबिनेट ५०,९००, कंट्रोलर २,६००. बाकीचं: बायोस ५००, दोन केबली १,२५०, डोंगल आणि एक्स्टेन्शन ६००, कीबोर्ड १,१००, पंखे १,३००, आर्थिंग ४,८००. एकूण ६३,०५०. बसभाडं आणि टीव्हीचं गेलेलं पोर्ट यात धरलेलं नाही. बजेटच्या आठ हजार वर गेलं आणि त्यातले निम्म्याहून जास्त परड्यातल्या खड्ड्यात गेले. तो खड्डा आधी झाला असता तर १३ ते २० एप्रिलचा आठवडाही वाचला असता.

शनिवारी रात्री माग बंद झाल्यावर दादा पहिल्यांदा कंट्रोलर घेऊन बसला. पुतण्याने त्याला दहा षटकांत हरवलं. आरसीसीबी पुढच्या रविवारी.